वापरकर्ती क्रमांक चार

कार्डलाच्या वाचनालयात, जानेवारीत,
चार वाजताच खिडक्या काळ्या पडल्या होत्या.
मी हेल्यूंच्या मागे बसले,
मांडीवर वही, हातात घड्याळ.
नियम एकच: मदत करायची नाही.
अडलात तर चूक आमची, तुमची नव्हे,
असं आधी सांगायचं
आणि मग गप्प बसून माणसाला अडू द्यायचं.

काम साधं. विजेचं खातं
नवऱ्याच्या नावावरून आपल्या नावावर घ्यायचं.
चार पानं, अकरा रकाने,
त्यातले सात लाल चांदणीचे, टाळता न येणारे.
पहिली दोन पानं त्यांनी
बटाटे सोलावेत तशी उरकली.

तिसऱ्या पानावर: पूर्वीचा खातेदार.
चौकटीत टिचकी मारली मात्र,
ब्राउझरनं करड्या अक्षरांत
आपणहून नाव पुढे केलं.
एंडेल.
लॅपटॉप घरचा. बिलं तोच भरायचा.
यंत्राला कोण कळवणार?

हेल्यूंनी कीबोर्डवरचे हात उचलून
मांडीवर ठेवले, एकावर एक.
मी लिहिलं, 'तिसरं पान. थांबल्या.'
'थांबल्या'खाली रेघ ओढली.
पुढे काय लिहावं सुचेना, म्हणून
तीच रेघ पुन्हा गिरवली.

पंधराव्या मिनिटाला
मीच आखलेली खिडकी उघडली,
गोल कोपरे, विरळ सावली,
जिच्या निळ्या रंगावरून इंद्रेकशी
दोन दिवस अबोला धरला होता:
तुम्ही अजून इथे आहात का?

"आहे," हेल्यू म्हणाल्या. पडद्याला. मोठ्यानं.
"मी आहे ना."

पडद्याला आम्ही कान दिले नव्हते.
साठपासून उलटे आकडे मोजून
त्यानं त्यांना बाहेर काढलं.

परतताना फेरीबोटीखाली बर्फ कडकडत होता.
अहवालात जागा दोनच: जमलं, नाही जमलं.
मी तो कागद टालिनपर्यंत कोराच नेला.

इंद्रेक म्हणाला, आणि सुरक्षेचं काय?
त्याचंही खरं होतं.
तीन आठवडे भांडलो. अजूनही पडदा मिटतो,
पण आता तिथे एवढंच येतं:
भरलेलं जपून ठेवलं आहे. सवडीनं या.

मार्चमध्ये हेल्यूंनी चौथं पान गाठलं.
मी घड्याळ खिशात टाकलं आणि नियम मोडला.
म्हटलं, ते आपोआप येणारं नाव
पुसता येतं. दाखवू?

"राहू दे."
मग चष्म्याची काच लोकरीच्या बाहीला पुसत,
"'पुढे जा'चं बटण तेवढं मोठं कर.
ही बोटं काय तुझ्यासारखी आहेत?"