तुरीचं टरफल

डाळमिलच्या मागं टरफलांचा ढीग.
"म्हशीला घालता का?" मुकादमानं विचारलं.
म्हटलं, नाही, पाण्याला.
पोतं भरून दिलं त्यानं, हसत.

भट्टीत दोन तास. मग काळी भुकटी.
चाळली, धुतली,
काचेच्या नळीत कापसावर दाबून बसवली.
वरून अब्बांच्या कढईतलं निळं पाणी,
थेंब,
थेंब.
ढगेमामा कुलूप घेऊन दारात ताटकळले.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यापासून
मी नळी विसळलेलं पाणीसुद्धा बादलीत धरते.

अब्बांची नखं चाळीस वर्षं निळी.
कढई गटारात रिकामी करताना
मान दुसरीकडं वळवायचे.
आज ग्लास उजेडात धरला, फिरवून पाहिला.
"साफ आहे. पण रंग गेला कुठं, नसरीन?"

मी नळीकडं बोट केलं.
काळ्यात निळं दिसत नाही.

पाचव्या खेपेला भुकटी दमते.
मग ती धुवायची, जाळायची की पुरायची,
आणि पुरायची तर कुणाच्या विहिरीपासून किती लांब,
यावर माझ्या प्रबंधात अर्धंच पान आहे.

अब्बांनी ते पाणी प्यायलं नाही.
ओतलंही नाही.
ग्लास तसाच धरून बसले.