हयातीचा दाखला

घणसोली शाखा, काउंटर तीन.
दर नोव्हेंबरला भाऊ तिला घेऊन येतो:
केस चोपून बसवलेले, पावडर मानेपर्यंत,
ड्रेसची घडी आजच मोडलेली.

रेवती भोईर, वय एकेचाळीस.
विचारते मी तिला, उत्तर देतो तो.
"तिला काही कळत नाही, मॅडम. अंगठा घ्या."

अंगठा घेताना बांगड्या सरकल्या.
खाली काळानिळा वळ, मनगटभर,
दोरीच्या जाडीचा.

गेल्या वर्षीही सरकल्या असतील.
गेल्या वर्षी रांग मोठी होती.

"आधारची झेरॉक्स लागेल," म्हटलं, "दोन प्रती.
आमचं मशीन बंद आहे, नाक्यावर जा."
मशीन माझ्या पाठीशी गुरगुरत होतं.

तो गेला.
मी पाण्याचा ग्लास पुढं केला.
तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग पाण्याकडे.
तीन ग्लास प्यायली.
मग मी काही न विचारता
दुसरी बाही वर केली
आणि माझ्याकडे बघत राहिली,
जिला काही कळत नाही, ती.

फॉर्मवर एवढंच विचारलंय:
सदर व्यक्ती हयात आहे काय?
शिक्का हातात तसाच.
दुसऱ्या हातानं फोन लावलाय.
रिंग वाजतेय.

भाऊ जिना चढतोय.