पुरावा क्रमांक एक

टेबलावर दगड आहे.
प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला स्टेपलर,
चिठ्ठीवर माझंच अक्षर:
उपांत्य सामना, मिनिट एक्क्याऐंशी, ईशान्य कोपरा.

शिस्तपालन समितीचे आम्ही पाच जण.
कूलरमध्ये अजून पाणी नाही,
गेल्या उन्हाळ्याच्या वाळ्याची धूळ
तो तोंडावर फेकतो आहे.
चहा आला. भाजलेल्या शेंगा आल्या.
गंधेवार वकील म्हणाले, पंचवीस हजार दंड,
तीन गुण वजा, पुढचे चार सामने रिकाम्या मैदानात.
कुणीतरी जोडलं, त्या वस्तीवाल्यांना तर कायमचंच बंद करा.
कोणती वस्ती, मी विचारलं.
सगळ्यांनी शेंगा सोलायला घेतल्या.

रिकाम्या मैदानातला सामना मी पाहिलाय.
चेंडूचा आवाज येतो
झोपलेल्या घरात भांडं पडावं तसा.
गोल मारून पोट्ट्यानं दोन्ही हात वर केले
आणि कुणाकडं धावावं
हेच त्याला कळेना.

दंड भरणार कोण?
क्लबजवळ आहेत सोळा जर्सी, हवेचा एक पंप,
आणि सईदुज्जमाचं सायकलचं दुकान,
ज्याच्या गल्ल्यातून गोलकीपरचे हातमोजे येतात.
कामठीहून तो डबलसीट येतो, मागं म्हातारा बाप.
बापाला दिसत नाही. तो मॅच ऐकायला येतो.
चार सामने आपण त्याचे कान बंद करणार.
आणि ज्यानं मारला
तो चौथ्या दिवशी दुसऱ्याच मैदानावर
दुसऱ्याच रंगाचा रुमाल बांधून.

रोशन उके, लाइन्समन, सात टाके.
मेयोत भेटायला गेलो.
पट्टीखालून म्हणाला,
"ऑफसाइडच होता ना जी, सर?"
होता, मी म्हणालो.
खरं तर तेव्हा मी फोन बघत होतो.

मग मी पिशवी हातात घेतली.
काळा दगड, तीन बाजूंनी फुटका, एका कडेला चुना.
गिट्टी. चाळीस एमएम.
उत्तरेकडच्या गोलमागं ढीग आहे हिचा,
तीन वर्षांपासून.
कुंपणाची भिंत, ठराव क्रमांक सतरा,
सूचक मी, अनुमोदक गंधेवार.
गिट्टी आली, सिमेंट आलं नाही.
ढिगावर तरोटा उगवला, कुत्री व्याली,
पोरं त्यावर चढून मॅच पाहू लागली,
कारण बाकंही नुसती मंजूरच होती.
आणि आम्ही दर अंतिम सामन्याला
पाहुण्यांना ढिगाच्या पलीकडून फिरवून आणलं.

मारणाऱ्याला शोधा. जरूर शोधा.
नाव लिहा, दोन वर्षं फाटकातून आत घेऊ नका.
रोशनचे टाके त्याला मोजायला लावा.
पण छापील नमुन्यात दोनच रकाने आहेत:
दोषी क्लब, दोषी प्रेक्षक.
मी पट्टी घेतली, तिसरी रेघ ओढली,
वर लिहिलं, आपण.

गंधेवारांनी चष्मा काढला.
"काऊन जी भाऊ, रिटायर झाल्यावर
हे काय नवीन सुचलं तुम्हाले?"

चार विरुद्ध एक.
दंड कायम. रिकामं मैदान कायम.
माझी रेघ पांढऱ्या शाईनं खोडली,
नीट पाहिलं तर अजून दिसते.

रविवारी मी टेम्पो सांगितला, स्वतःच्या खिशातून.
सकाळी सहाला घमेलं घेऊन ढिगाशी.
गुडघे बोलायला लागले दहाव्या खेपेला.
रोशन आला, त्याला हात लावू दिला नाही,
तो नुसता बसून मोजत राहिला, झेंडा नसलेल्या हातानं.
नऊपर्यंत अर्धाही हलला नव्हता.
ड्रायव्हरनं फळका लावला, बिडी विझवली,
"साहेब, टाकायची कुठं?"

मी कामठी रोडकडं पाहिलं.
इंदोऱ्याकडं पाहिलं.
तो इंजिन चालू ठेवून थांबला आहे.