उद्यमबागेतला डबा

परशानं डबा आणला तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी पंप.
अॅल्युमिनियमचा, चारी बाजू मशीनवर घासलेल्या,
एका कोपऱ्यावर हत्याराची चरी राहिलीय अजून.
"रिजेक्ट माल होता मामा, हायड्रॉलिकवाल्यांचा."
आत कुठल्याशा बँकेनं भंगारात काढलेल्या कॉम्प्युटरचं पोट,
पोटात लिनक्स. फुकट.
टीव्हीखाली, कुंद्याच्या रिकाम्या खोक्याशेजारी ठेवला
आणि दोन कानांचं बटणांचं काहीतरी माझ्या हातात दिलं.
"खेळा."

एकतीस वर्षं मी तहसील कचेरीबाहेर टेबल मांडलं.
माणूस मराठीत रडायचा, मी कन्नडात टाइप करायचो.
"आमच्या बांधावरचं झाड तोडलं हो त्यांनी"
याचं तीन प्रतींत खाली काय झालं
ते त्याला कधी वाचता आलं नाही.
अंगठा उठवायचा, वीस रुपये द्यायचा.
आत साहेबाला वाटायचं, हा आपल्यातलाच बोलतोय.

म्हणून परशा सांगायला लागला,
"हा खेळ विंडोजसाठी लिहिलेला, पण मध्ये एक थर असतोय,
खेळ काय मागतोय ते ऐकतो,
लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतो, उत्तर फिरवून परत देतो,
खेळाला पत्ताच नसतो आपण परक्या घरात आलोय,"
तेव्हा मी चष्मा पुसला.
"घेतो किती?"
"कोण?"
"तो मधला. अर्जाला."

संध्याकाळी खालची शिवलीला वर येते, आमची रेवती असतेच.
पडद्यावर एक कोल्हा कौलांवरून पळतो.
सुरुवातीला डबा शेडर की काय ते भाजत बसतो,
पंखा पिठाच्या गिरणीसारखा.
"नडीतैतेनु?" शिवलीला विचारते.
"चालूलंय की, थांब जरा," रेवती.

सगळंच चालत नाही.
परशाचा तो पाच-पाच जणांचा गोळीबार दारातच अडवतो.
चोर धरायला ठेवलेला पहारेकरी
तळघरात उतरून झडती घेऊ म्हणतो,
आणि इथलं तळघर त्याच्या नकाशात नाही.
"तू चोरी केलीस?"
"नाही मामा."
"मग?"
"लिनक्स आहे, एवढंच."
मी पुढं विचारलं नाही. असले अर्ज
फार टाइप केलेत. तारखा पडतात.

परवा करंट गेला. टीव्ही काळा,
कोल्हा बहुतेक हवेतच.
तेवढ्यात परशा खानापूरहून आला, पिशवीत त्याचं ते हातातलं यंत्र,
ज्याची किंमत ऐकून ताई दोन दिवस बोलली नव्हती.
अंधारात चपला काढता काढता बटण दाबलं,
कोल्हा शेवटच्या दिव्यापाशी उभा.
उडी तेवढी वाया गेली.
वीतभर उजेडावर तीन डोकी.

"आणि कंपनीनं उद्या दुकान मिटलं तर?"
"मिटू दे. मधला थर कुणा एकाच्या बापाचा नाही.
कुठं कुठं बसून माणसं दुरुस्त करतात.
एक दुरुस्ती माझीपण आहे."
"केवढी?"
"एक कॉमा."

माझ्या मशीनचा कॉमा अडकायचा. ते कपाटावर आहे अजून.
परशा म्हणतो, दहा वर्षांत टीव्ही तिथं डबा,
आणि उद्यमबागेत रिजेक्ट माल काय संपत नाही.
असेल. मला दहा वर्षांचं काय सांगतो.

करंट आला तरी कुणी उठलं नाही.
शिवलीलानं यंत्र माझ्यापुढं धरलं.
"अज्जा, निम्म पाळी."
पाळी. हा एक शब्द
मला कधी बदलावा लागला नव्हता.
अंगठा ठेवला.
कोल्हा लगेच विहिरीत.