अडीच मिलिमीटर

ब्लॉक वसईच्या एका बंद पडलेल्या बर्फाच्या टेम्पोचा,
हेड इथलंच, सीएसटी रोडवरचं.
कॅमशाफ्ट कुणाचा, ते मुफद्दलभाईंनाही आठवेना.
रॉकेलच्या बोळ्यानं पुसून म्हणाले, नंबर वाच,
नंबर खोटं बोलत नाही, विकणारा बोलतो.

तरी सगळं बसलं.
गॅस्केटची भोकं भोकांवर आली,
पाण्याची वाट पाण्याच्या वाटेला मिळाली.
अडला तो अल्टरनेटर:
याला दोन कान, ब्रॅकेटला तीन,
आणि पुली अडीच मिलिमीटर पुढे.

अडीच म्हणजे दीड नाण्याची जाडी.
डोळ्याला कळत नाही, पट्ट्याला कळते.
तिसऱ्या मिनिटाला तो किंचाळायला लागतो
आणि गल्लीतली कुत्री त्याला जबाब देतात.

वॉशर घालू का दोन?
वॉशर म्हणजे उधारी, भाई म्हणाले.
आधी फर्मा काप.

पुठ्ठा तेल पितो, फुगतो.
म्हणून कपाटावरून अण्णांचा एक्स-रे काढला,
खुब्याचा, ऑपरेशननंतरचा.
वाटी, गोळा, तीन पांढरे स्क्रू.
सगळं मापात आहे, डॉक्टर म्हणाले होते;
अण्णा शेवटपर्यंत म्हणायचे, दुसऱ्याचा पाय लावलाय.

फिल्म ब्लॉकवर धरली, बोटानं कडा दाबल्या,
ग्रीसचे गोल उमटले.
वरचं भोक नेमकं वाटीत आलं.
हात जरा थांबला.
मग दहाचा पंच ठेवला आणि हातोडी मारली.

साडेपाचला आलम लेथवाल्यानं फर्मा उजेडात धरला,
बराच वेळ धरला.
कुठल्या गाडीचा म्हणायचा हा?
गाडीचा नाही, म्हटलं मी.
घरचाच आहे. पाचची पट्टी वापर.