उणे नऊ

दुपारी एक ते तीन ती बाल्कनीत झोपते.
ओउलूत सगळीच बाळं झोपतात अशी, बाबागाडीत,
लोकरीच्या तीन थरांत, बाहेर उणे नऊ असताना.
आई म्हणते, तूही असाच झोपायचास,
तेव्हा कुणी आलेख काढत नव्हतं.

मी काढतो.
पांघरुणाच्या दुसऱ्या थरात नखाएवढा सेन्सर आहे,
डाख मीच लावलेला, थोडा ओबडधोबड.
दर तीस सेकंदांनी तो स्वयंपाकघरातल्या तडा गेलेल्या फोनला सांगतो
आत किती, बाहेर किती.
हेन्रीका म्हणते, तुइस्कूला ताप आला
तर तू आधी तिचं सॉफ्टवेअर अपडेट करशील.
मी गप्प बसतो.
पहिल्या आठवड्यात, एका पहाटे, ती रडायची थांबेना
तेव्हा मी खरंच मनात यादी केली होती:
दूध. लंगोट. ढेकर.
आणि चौथी ओळ, जी हेन्रीकाला अजून सांगितलेली नाही:
बंद करून पुन्हा चालू.

ती जन्मायच्या आधी सरकारी खोकं आलं.
कपडे, छोटी गादी, थर्मामीटर.
रिकामं झालं की त्यातच बाळाला निजवायचं, अशी इथली रीत.
माझा डोळा होता त्या खोक्यावर, केबलींसाठी.
मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे;
हिचे दिसले पुठ्ठ्याला टेकलेले, चौथ्या महिन्यात.
त्याच रात्री मी केबली आत रचल्या.
आता प्रिंटरच्या वायरीला
आंबट दुधाचा वास येतो.

टेबलावर रेडिओ उघडा पडलाय, जुन्या बाजारातला.
स्क्रू केकच्या साच्यात, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने,
एका खळग्यात दोन, एकात पाच.
तो ऑक्टोबर होता.
आता फेब्रुवारी, आणि मधे कुणीतरी केक केला.

आज दोन वाजून पाच मिनिटांनी आलेख तुटला.
रेघ चालली होती सरळ, एकतीस, एकतीस,
आणि मग काहीच नाही.
मी मोजे घालूनच बाहेर धावलो, बर्फात.
तुइस्कू जागी होती.
छपराच्या कडेला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्याकडे
टक लावून पाहत होती, कामात असल्यासारखी.
मी तिच्या मानेमागे बोट घातलं, आई घालते तसं.
गरम. घामेजलेली, उलट.
थंडीने जीव गेला होता तो फक्त बॅटरीचा.

आणि नऊ मिनिटांत उपग्रह यायचा होता.
हवामानाचा, म्हातारा, कधी बंद पडेल सांगता येत नाही असा.
डोक्यावरून जाताना अकरा मिनिटं बोलतो, बस.
तिला छातीशी बांधलं, वर माझा कोट,
हातात अँटेना: पडद्याची दांडी,
तिच्यावर सुताराच्या पोलादी टेपचे सहा तुकडे.
उत्तरेकडे वळलो. कानात ती टकटक आली,
दूर कुठेतरी कुणी कंगवा फिरवत असल्यासारखी.
मी हळूहळू हात वर नेत गेलो, वर, अगदी माथ्यावर,
आणि तिने कोटातून हात काढून
टेपचा सर्वांत लांब तुकडा पकडला.
तोंडात घालायचा होता.
सोडवून घेईपर्यंत मिनिट गेलं.
दोघंही ओरडलो, ती जास्त.

रात्री चित्र उघडलं.
वर लॅपलंड, ढगांच्या सुरकुत्या, 
गोठलेल्या आखाताचं टोक, स्वच्छ.
खाली बाल्टिक, एस्टोनियाची बेटं.
मधे बोटभर जाडीची पट्टी, नुसती मुंग्या-मुंग्यांची.
हेन्रीकाने वाकून पाहिलं, एका खांद्यावर बाळ, दुसऱ्यावर फडकं.
“आपण कुठे आहोत यात?”
मी पट्टीवर बोट ठेवलं.
“बरोबर,” ती म्हणाली, आणि दूध गरम करायला गेली.

वरच्या-खालच्या ओळींवरून अंदाज बांधून
ती पट्टी भरून काढता येते. प्रोग्राम आहे माझ्याकडे.
अजून चालवला नाही.
बॅटरीही बदलायची राहिलीय.
उद्या उणे चौदा सांगितलंय,
आणि माझे मोजे हीटरवर अजून ओलेच आहेत.