उगाळावं तितकं

गुलजमीन खांद्यावरून पोतं उतरवतो
आणि विचारतो, "बाई, हे फेकायला आम्ही डंपर लावतो,
तुम्ही कुलपात ठेवता?"

पोत्यात पोलाद कारखान्याची मळी.
भट्टीनं थुंकलेली, सोहारच्या उन्हात थंड झालेली
(थंड म्हणजे आपलं सेहेचाळीस अंश).
चिंचोक्याएवढे खडे, काही फुगलेले, जाळीदार,
करपलेल्या नाचणीच्या भाकरीसारखे.

चाळते. दळते. पुन्हा भट्टीत घालते,
एकदा भाजून निघालेल्याला दुसऱ्यांदा भाजायचं,
सहाशे अंशांवर, तीन तास.
मधल्या वेळात डबा खाते.
कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणतात आमच्याकडे.
ही मळी उगाळली तर आधी काळी, मग करडी,
आणि अकराव्या मिनिटाला कडेकडेनं विटकरी.
म्हण करणाऱ्यानं कोळशावरच थांबायला नको होतं.

आई सहाणेवर वेखंड उगाळायची. दोन वळसे, मोजून.
तिसरा बाळाला जड जातो म्हणायची.
औषध अंगात जावं म्हणून ते उगाळणं.
माझं उलटं:
पाण्यात गेलेलं औषध
पाण्यातून निघावं म्हणून.

नमुना सदतीस. कामगार छावणीमागचं गटार.
अंधारखोलीत जांभळा दिवा लावला
की पाणी मंद निळं उजळतं.
सिप्रोफ्लॉक्सॅसिन.
पहिल्यांदा इतकं सुंदर दिसलं की मी शम्साला हाक मारली.
ती म्हणाली, "बाबांच्या होडीमागं रात्री समुद्र असाच पेटायचा."
मग दोघी गप्प.
तो समुद्रातला उजेड जिवंत होता.
हा जिवाणूंना मारायला बनवलेला,
आणि अर्धवट मारून
उरलेल्यांना हुशार करणारा.

यंत्र कागदावर सुळका काढतं.
सुळका उंच झाला की मला कळतं, छावणीत ताप आलाय.
नावं कळत नाहीत.
कुणाच्या दाढेला सूज, कुणाला लघवीला जळजळ,
कुणी खाडा पडेल म्हणून दवाखाना टाळून
शेजारच्या खाटेकडून चार गोळ्या उसन्या घेतलेल्या.
सगळ्यांची बेरीज एका रेषेत.

गुलजमीननंही घेतल्या होत्या, दाढेसाठी. त्यानंच सांगितलं.
दहांतल्या चार खाल्ल्या, बरं वाटलं,
सहा जपून ठेवल्या,
गावी जाणाऱ्या कुणाच्या हाती पाठवायला, पोरासाठी.
मी रागावले त्याच्यावर. बरंच बोलले.
मग आठवलं, माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात
पाच आहेत, मागच्या मार्चमधल्या.

चिमूटभर भुकटी, थोडं पेरॉक्साइड. ढवळणी फिरते.
दहा मिनिटं: निळं.
तीस: निळं, पण शंका घ्यावी इतपत.
साठाव्या मिनिटाला दिव्याखाली काहीच नाही.
या काहीच नाहीपायी
शम्सानं लग्नाची तारीख दोनदा पुढं ढकलली.

चुंबक धरला की भुकटी मुकाट काचेला येऊन चिकटते,
पाळी सुटल्यावर बसच्या दाराशी माणसं येतात तशी.
धुवायची, वाळवायची, पुन्हा कामाला.
पाचव्या खेपेला तिचं निम्मंच काम होतं.
शम्सा अहवालात लिहिते: कार्यक्षमतेत घट.
मी माझ्या वहीत लिहिते: दमली.

गुलजमीन अंधारखोलीत डोकावतो. "गेलं?"
"दिसेनासं झालं. तुकडे झालेत.
काहींची नावं अजून आम्हाला ठाऊक नाहीत."
"मग गेलं कुठं," तो म्हणतो,
आणि दारात रिकामं पोतं झटकतो.
काळी धूळ उन्हात क्षणभर चमकते,
त्याच्या चपलांवर, माझ्या ॲप्रनवर बसते.

जाताजाता खिशातून पाकीट काढून
तराजूशेजारी ठेवतो. सहा गोळ्या.
"पाठवल्या नाहीत," म्हणतो.
"आता या कुठं फेकायच्या,
तेवढं सांगा."